मागच्या सीटवरचा मेकॅनिक

माझ्या मोटारसायकलचा मेकॅनिक माझ्या मावसभावाच्या साखरपुड्यात व्याह्यांच्या पंगतीला बसून पुन्हा जिलेबी मागत होता आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. व्याह्यांना तो आमचा मामा वाटला. तो मेकॅनिक आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण देवराव इंगोले कुठे जातो आणि कुठे जेवतो याचं नवल करायची पद्धत वाशिमकडच्या अनसिंग भागात नव्हती. गाडी जाईल तिथे देवराव जाई.

मी तेव्हा एका बियाणे कंपनीचा विक्री प्रतिनिधी होतो. मालेगावपासून पोहरादेवीपर्यंत सोयाबीन-तुरीच्या वाणांचं कौतुक गात फिरायचं, हे माझं काम. गाडी रुसली की अनसिंगच्या बसथांब्याजवळच्या टिनाच्या शेडमध्ये देवरावकडे. उंच, सडसडीत माणूस. मिशा कमी, आवाज जास्त. हा आवाज त्याने विहाराच्या ओट्यावर माईकशिवाय भाषणं करून कमावलेला होता. हातातला पाना कधी थांबे, तोंड थांबत नसे. मी एकदा त्याला प्लग दातात धरून बोलताना पाहिलंय, आणि शब्द स्पष्ट होते.

आता मौजेची गोष्ट. आजूबाजूच्या साऱ्या गावांच्या मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या या माणसाला मोटारसायकल चालवता येत नव्हती.

"काहून शिकले नाई काका?" असं कोणी विचारलं की तो अगदी दया येऊन त्या माणसाकडे पाही.

"मी चालवाले बसलो त गाडीचं आयकीन कोन? चालवनाऱ्याले रस्ता दिसते. आयकू येते थे मांगच्याले."

ही नुसती फुशारकी नव्हती, त्याच्या कामाची रीतच तशी होती. काही दुखणी उभ्या, गार गाडीत सापडत नाहीत. विशेषतः कॉइलचं, म्हणजे ठिणगीला जोर देणाऱ्या भागाचं. सकाळी गाडी पहिल्या किकला सुरू होते, गावातल्या गावात मांजरासारखी गुरगुरते, आणि वीसेक किलोमीटर गेल्यावर भर उन्हात आचके देऊन गप्प होते. झाडाखाली थोडा वेळ टेकलं की पुन्हा सुरू. मालक म्हणतो, झाली दुरुस्त. देवराव म्हणे, "कॉइल गार असली की नव्या नवरीवानी वागते. गरम झाली का मंग खरं बोलते."

म्हणून तो गाडी ठेवून घेत नसे. मालकाला विचारी, "आज कुठं जानं आहे?" मालक जिथे निघाला असेल तिथे हा मागे बसून जाई, गाडी बंद पडेपर्यंत. कोणी सासुरवाडीला, कोणी तहसीलला, कोणी तेराव्याला. त्याच्या हत्यारांच्या पिशवीत पाने, पक्कड, प्लग, कात्री, ओलं फडकं, एक जास्तीची कॉइल, आणि सगळ्यांत खाली कागदात गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट असे. कारण कार्य कोणतं निघेल याचा नेम नसे. माझ्या मावसभावाची गाडी त्याच्या होणाऱ्या सासरच्या दारापर्यंत बंदच पडली नाही, म्हणून देवराव पंगतीत बसला. परतीच्या वाटेवर ती बंद पडली तेव्हा तो समाधानाने म्हणाला, "आता बोलली." आणि खिशातली सुपारी काढली. ती व्याह्यांनी मामा म्हणून दिलेली होती.

शेडमध्ये त्याचं एक थेटरही होतं. प्लग काढायचा, इंजिनाला टेकवायचा, आणि ठिणगी नीट दिसावी म्हणून गिऱ्हाइकाच्या आणि आपल्या डोक्यावर मिळून एक गोणपाट ओढायचं. आत अंधार, तुरीचा वास, आणि किक मारली की टिचकन ठिणगी. निळी-पांढरी आणि कडक वाजली तर ठीक. पिवळट, आळसावलेली असली तर दुखणं. भर दुपारी बसथांब्यासमोर एका गोणपाटातून सरपंचाचे आणि देवरावचे पाय तेवढे बाहेर दिसताहेत, हे दृश्य अनसिंगला नवं नव्हतं. आतून आवाज येई तो देवरावचाच.

त्या गोणपाटातच मी कॉइल समजून घेतली. लोखंडी पट्ट्यांचा एक गाभा, त्यावर दोन तारा गुंडाळलेल्या. एक जाड आणि थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारखी बारीक, हजारो वेढ्यांची. जाड तारेतून वीज जाते तेव्हा गाभ्याचं चुंबक होतं. ती वीज अचानक तोडली की चुंबकपण कोसळतं, आणि त्याचा हिसका बारीक तारेला बसतो. बॅटरीचे बारा व्होल्ट तिथे हजारोंच्या घरात जातात आणि प्लगच्या फटीवरून उडी मारतात.

"काळीपिवळी जीप समज," गोणपाटाच्या अंधारात देवराव माझ्या कानाशी गर्जला. "दाटून भरून चालली. डायवरनं हळूहळू थांबवली त कोनाले काई होते काय? नाई होत. अन कचकन ब्रेक मारला त? मांगची म्हातारी सिध्धी पुढच्याच्या मांडीवर. आता सांग, म्हातारीनं उडी मारली काय?"

"नाही."

"मंग जोर कुठून आला? कचकनमधून आला. कॉइल म्हंजे थे कचकन."

पुढे कळलं की काही गाड्यांत वीज तोडतात, तर काहींत ती आधी साठवून एकदम सोडतात. हे मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारीले ढकला नाई त ब्रेक मारा, उडाली पाह्यजे एकदम," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कॉइल मरते कशाने, हा त्याच्या भाषणाचा उत्तरार्ध. बारीक तारेच्या अंगावर वार्निशचा पातळ लेप असतो. दोन वेढ्यांमधला पडदा म्हणजे तेवढाच. इंजिनाची धग टाकीखाली साचते, लेप तडकतो. गाडीच्या थरथरीने तार तारेवर घासते. मग वीज सगळे वेढे फिरायचं सोडून जवळची वाट धरते आणि ठिणगी मंदावते. त्यात मालकाने प्लग बदलायचा कंटाळा केला, फट झिजून रुंद झाली, की कॉइलला दर उडीला जास्त जोर लावावा लागतो; तो जोर प्लगमध्ये निघाला नाही तर तिच्याच अंगातून वाट फोडतो. "मरते कॉइल, पन पाप प्लगाचं ऱ्हायते," हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो तेराव्याच्या घरीही बोलला होता, आणि लोकांनी त्यात काहीतरी गहन आहे असं समजून माना हलवल्या होत्या.

अशा माणसाच्या हातून चूक झाली तर ती लहान कशी होणार?

एका पावसाळ्यात पाणी थांबेचना. चाकांनी उडवलेल्या पाण्याने जुन्या, तडकलेल्या कॉइली भिजत, ठिणगी प्लगऐवजी बाहेरच पळे, आणि गाड्या रस्त्यात उभ्या राहत. देवरावला युक्ती सुचली. खताच्या पोत्याच्या आतलं जाड प्लास्टिक घ्यायचं, कॉइलला पुरचुंडीसारखं गुंडाळायचं, वरून सुतळी करकचून बांधायची. भिजण्याचा प्रश्नच मिटला. लगेच त्याने मोहीम काढली. बाजाराच्या दिवशी शेडसमोर रांग लावली आणि एकेक गाडी बांधून दिली, फुकट. "पावसात तुमी भिजा, कॉइल भिजू देऊ नोका," असं तो गर्जे. गाड्या खरंच थांबेनाशा झाल्या. देवराव म्हणाला म्हणजे झालं, हे लोक आधीही म्हणत. आता ते शपथेसारखं म्हणू लागले.

मग पाऊस सरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं.

समोरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात हनीफभाई बसत. देवरावचे जुने दोस्त, आणि चिमटे काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकला नसता. ते एक दिवस रस्ता ओलांडून आले, देवरावच्या स्टुलावर बसले आणि लाडाने म्हणाले, "देवराव भाऊ, इतनी कॉइलें तो मैंने सालभर में नहीं बेचीं, जितनी इस महीने में गईं. तुम्हारे प्लास्टिक को मेरे बच्चे दुआ देते."

देवरावने हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. उभ्या असलेल्या पहिल्याच गाडीची सुतळी कापली, पुरचुंडी सोडली. आत कोंडलेल्या धगीने प्लास्टिकला पाण्याचे थेंब चिकटले होते आणि कॉइलला जळक्या वार्निशचा वास येत होता. त्याने ती हुंगली, हनीफभाईंना हुंगायला दिली, मला दिली. मग हळू म्हणाला, "पानी अंदर येऊ नाई देलं मी. पन घाम बाहीर जाऊ नाई देला."

मग चहा तसाच टाकून त्याने पुढच्या गाडीची सुतळी कापली. हनीफभाई घाबरले. "अरे, मजाक किया मैंने," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून उलटी मोहीम सुरू झाली: सगळी प्लास्टिकं सोडा. आणि इथे खरी फजिती. कोणी ऐकेना. "काका, तुमीच त म्हनलं होतं बांधा म्हनून," असं म्हणून लोक त्याला त्याचीच वाक्यं ऐकवत. एरवी त्याचा शब्द कोणी मोडत नसे. आता त्याच्या जुन्या शब्दावर लोक इतके ठाम होते की नवा शब्द आत शिरायला जागा नव्हती. मग त्याने विचारणंच सोडलं. पोहरादेवीच्या यात्रेत, मोटारसायकलींचा समुद्र उभा असतो त्या मैदानात, तो कात्री घेऊन गाड्यांखाली शिरला. दोन स्वयंसेवकांनी त्याला पाय धरून बाहेर ओढलं.

"ही गाडी कोनाची आहे?"

"मले काय ठाऊक."

"मंग काय कापून राह्यला?"

"माही चूक कापून राह्यलो."

गर्दी जमली. चोर की वेडा याचा निकाल लागेना, तेवढ्यात अनसिंगकडचा एक माणूस पुढे आला. "अरे, सोडा त्यांना, हे आमचे देवरावकाका. माही कॉइल यांनीच बांधून देली." सुटका झाली. देवराव अंग झटकत त्याच माणसाच्या गाडीकडे कात्री घेऊन गेला, तर तो आडवा उभा राहिला. "तेवढं नाई काका. थे तुमच्या हातचं आहे."

तरी हळूहळू लोकांना कळत गेलं. ज्याची गाडी उन्हात बंद पडे तो शिकून येई. राहिला एक माणूस, आणि देवरावची झोप त्यानेच उडवली होती. गुलाबराव अप्पा.

अप्पा म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. अनसिंगपासून आत त्यांचं गाव. त्या गावात कोणाला ताप चढो, मळणीयंत्रात बोट जावो, बाईला कळा लागोत, दवाखान्यात नेणार अप्पाच. त्यासाठी त्यांनी मागच्या सीटवर उशी शिवून घेतली होती. आणि त्या गाडीची कॉइल देवरावने मोहिमेच्या पहिल्याच दिवशी स्वतः, सुतळीचे जास्तीचे फेरे मारून, बांधली होती.

"दुसऱ्याची बंद पडली त थो बसते झाडाखाली," देवराव मला म्हणाला. "याच्या मांगं अडलेली बाई असते. उन्हात, मधल्या रस्त्यात बंद पडली त? थे प्लास्टिक माह्या हातचं आहे न."

अप्पांना त्याने विनवलं, हुंगायला दुसऱ्यांच्या जळक्या कॉइली नेल्या. अप्पा म्हणाले, "तू एका तोंडानं बांध म्हनतं, एका तोंडानं सोड म्हनतं. मी पह्यल्या तोंडावर इस्वास ठेवला, बाप्पा. माही गाडी कवा बंद पडली काय?"

नव्हती पडली. देवराव मग आपल्या रीतीने मागे बसून गेला. कधी वाशिमला, कधी अनसिंगला, पुन्हा पुन्हा. उन्हात गाडी बंद पडावी म्हणून मनोमन नवस करणारा जगातला तो एकमेव मेकॅनिक असावा. पण अप्पांची गाडी बंद पडेच ना, आणि कारण मागच्या सीटवर बसल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं होतं. अप्पांच्या अंगातला कंडक्टर निवृत्त झालाच नव्हता. दर फाट्याला थांबा. इथे कोणाची तूर कशी आहे, तिथे कोणाच्या पोरीचं जमलं का, पलीकडे चहा. कॉइल तापायला लागली की अप्पा थांबत; ती निवेपर्यंत गप्पा मारत; मग घंटी ओढल्यासारखं "चला" म्हणत. रुग्ण मागे असला तेव्हाच ते एका दमात जात, आणि पावसाळ्यानंतर गाव ठणठणीत होतं.

"पाह्य," वाशिमला पोचल्यावर अप्पा त्याची पाठ थोपटत, "तुह्या हाताचं काम कसं टिकते." देवराव ते कौतुक कडू औषधासारखं गिळी.

शेवटी एका दुपारी तो मला घेऊन अप्पांच्या ओट्यावर गेला. म्हणजे माझ्या मागे बसून आला. आज सोडवूनच जायचं, म्हणाला. अप्पांनी पाणी दिलं, आणि विषय कॉइलचा निघायच्या आत त्यांच्या कोणत्याशा मुक्कामी गाडीची, तिच्यातल्या एका बकरीची आणि त्या बकरीच्या अर्ध्या तिकिटाची हकिकत सुरू झाली. बकरी अर्ध्या वाटेला आली असताना देवरावला जांभई आली. त्याचं सगळंच मोठं, जांभईही मोठी. कट् असा आवाज झाला आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

अप्पांना वाटलं, बकरीने माणूस थक्क झाला. ते रंगात आले. थोड्या वेळाने थांबून म्हणाले, "तोंड काहून उघडं ठेवून राह्यला? मी काई खोटं नाई सांगून राह्यलो."

"आ," देवराव म्हणाला.

जबडा निखळला होता. डोळ्यांत पाणी, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, आणि हात हवेत. आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडातून शब्द निघत नव्हता. जबडा बसवणारी दातांची डॉक्टरीण वाशिमला. मी माझी गाडी वळवली, पण अप्पांनी मला बाजूला सारलं. "पेशंट माह्या गाडीवर जाते. उशी आहे." देवराव त्या गाडीकडे पाहून दोन्ही हात नाही-नाही असे हलवू लागला. अप्पांनी त्याला हत्यारांच्या पिशवीसकट उचलून उशीवर बसवलं.

अशी आमची वरात निघाली. पुढे अप्पा, मागे वासलेल्या तोंडाचा देवराव, त्यांच्या मागे मी. अप्पा एकाही फाट्याला थांबले नाहीत. अनसिंगच्या बसथांब्यावरून गेलो तेव्हा लोकांना वाटलं, देवराव नेहमीसारखा काही ओरडून सांगतोय. दोघातिघांनी हात वर करून "हो, हो" म्हटलं. अनसिंग मागे पडलं. ऊन डोक्यावर. आणि उघड्या माळावर, जवळ झाड नाही अशा जागी, अप्पांच्या गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

मी देवरावच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उघड्या तोंडाने, निखळलेल्या जबड्याने माणूस हसू शकत असेल, तर तो हसत होता.

"बसा माझ्या मागे," मी म्हटलं. "चला लवकर."

तो उतरला, माझ्याकडे पाठ केली आणि अप्पांच्या गाडीपाशी उकिडवा बसला.

"पेट्रोलमदी पानी असन," अप्पा म्हणाले.

"आ," मान आडवी.

"मंग प्लगात कचरा."

"आ," मान आणखी जोरात आडवी, आणि जबडा दुखून तो कळवळला. मग त्याने अप्पांचा हात धरला, टाकीखाली नेला आणि त्या पुरचुंडीवर टेकवला. अप्पांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बोटं चोळत ते कॉइलकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना. मागची उशी रिकामी होती. तिच्याकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं.

"परवा सखूच्या सुनेले आनाचं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "कळा खोट्या निघाल्या म्हनून नाई गेलो."

देवरावने कात्री पुढे केली. सुतळी अप्पांनीच कापली.

कॉइलवर ओलं फडकं ठेवलं, ती निवेपर्यंत थांबलो. माझ्या गाडीवर बसायला देवराव शेवटपर्यंत तयार झाला नाही; गार झाल्यावर गाडी सुरू होते हे अप्पांना दाखवल्याशिवाय तो तिथून हलणार नव्हता. झाली सुरू. मग पिशवीतली चांगली कॉइल बसवूनच तो उशीवर चढला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही अंगठे आत घालून जबडा असा काही बसवला की आवाज बाहेर बाकावर ऐकू आला. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली आणि बजावलं की काही दिवस तोंड मोठं उघडायचं नाही, बोलायचं तर नाहीच. अप्पांनी त्यांना पुन्हा विचारून घेतलं, "बोलाचं नाईच ना?"

पुढच्या बाजाराला मी अनसिंगला होतो, आणि त्यानंतर लवकरच कंपनीने मला मराठवाड्यात पाठवलं, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे देवराव आहे तो त्या दिवशीचा. शेडसमोर गाड्यांची रांग, स्टुलावर पट्टी बांधलेला देवराव, हातात कात्री, आणि शेजारी उभे राहून अप्पा कंडक्टरच्या आवाजात पुकारत होते, "प्लास्टिकवाले पुढं या, प्लास्टिकवाले." एकेक पुरचुंडी कापली जात होती. हनीफभाई दुकानातून पाहत होते. गप्प देवरावला चिमटा काढण्यात काही मजा नाही, म्हणाले.

एक तरुण गाडी पुढे ढकलत आला आणि अडला. "काका, पन तुमीच बांधलं होतं न? तुमचा शब्द म्हनून बांधलं. मंग आता काहून सोडून राह्यले?"

रांगेतल्या माना पुढे आल्या. हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. देवरावने कात्री गुडघ्यावर ठेवली आणि अप्पांकडे पाहिलं.

"थो चुकला होता," अप्पा म्हणाले.

देवरावने त्या तरुणाकडे वळून मान हलवली. एकदा, पुरेपूर, सगळ्यांना दिसेल अशी. तरुणाने गाडी पुढे घेतली. मग देवरावच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं, छाती फुगली, त्याला त्यावर आणखी थोडं बोलायचं होतं. ओठ हलले तोच अप्पांनी खाली न पाहताच हात नेला आणि त्याची हनुवटी तळव्याने वर दाबून धरली.